परिशिष्ट क

नौदलात माझा हुद्दा रायटर.
गावात कळलं तेव्हा मामा म्हणाला, पोवाडे लिहितोस की काय?
मी टाइप करायचो.
दुसऱ्यांची युद्धं, दुहेरी अंतर सोडून, तीन प्रतींत.

मोठ्या युद्धाची फाइल चारशे बारा पानांची.
तेराव्या दिवशी डिझेल किती उरेल,
एकविसाव्या दिवशी कुठलं बंदर अजून उभं असेल,
पाव किती लाख, रक्ताच्या बाटल्या किती,
आणि पान तीनशे सहावर
पेट्यांना सागवान की आंब्याच्या फळ्या,
यावर साहेबांची लाल शाईतली हुज्जत.

लहान चकमकीला पावणेतीन पानं.
मागाहून टाचलेली. परिशिष्ट क.
'मर्यादित स्वरूपाचा संघर्ष उद्भवल्यास
वरील योजनेतील योग्य तो भाग
योग्य त्या प्रमाणात वापरावा.'
मी कमांडर बसरूरांना विचारलं, सर, प्रमाण किती?
ते पेन्सिलीला टोक काढत म्हणाले,
ते समोरचा ठरवतो.

मोठं युद्ध माझ्या नोकरीत आलंच नाही.
दर एप्रिलला फाइल सोडायची, आकडे वाढवायचे,
पुन्हा लाल फीत.
माणसं जात राहिली ती परिशिष्टात.
पाजपंढरीचा शशिकांत चोगले, वय चोवीस,
अशा एका बोटीची झडती घ्यायला चढला
जिला कुठल्याच कागदात कुणी शत्रू म्हटलं नव्हतं.
घरी पाठवायचं पत्र माझ्याच मशिनवर.
लढाई हा शब्द चालणार नव्हता.
रजेवर आलो तेव्हा त्याच्या आईनं विचारलं, कुठल्या युद्धात?
म्हटलं, लहानशा.
तिनं दोन्ही तळवे हवेत समोरासमोर धरले,
मासा दाखवताना धरतात तसे:
लहान म्हंजे केवढं?

आता हर्णैच्या वाळूवर लिलावाच्या पावत्या फाडतो.
समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अजून मोठ्या युद्धाला सज्ज,
तटावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले.
आणि रात्री क्षितिजावर एलईडीवाल्या परक्या बोटी:
दिवा सोडायचा, म्हाकूल गोळा करायचं, समुद्र धुऊन न्यायचा.

पोरं सोसायटीत जमली.
काका, तुम्ही नेव्हीतले. प्लॅन करा.
दीडशे होड्या, चारी बाजूंनी घेराव, पेट्रोलचे कॅन.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाण काढून झाले होते,
अमावस्येला गोल.
कोपऱ्यात हनीफ होडेकर, जुना तांडेल, चप्पल काढून बसला होता.
म्हणाला, लिही.
जाळं कापायचं. नांगराचा दोर नाही.
दिवे फोडायचे. माणसाच्या डोक्याच्या उंचीला काही फेकायचं नाही.
कुणी पाण्यात पडला तर आधी वर घ्या, मग शिव्या द्या.
परतताना त्यांचं इंजिन बंद पडलेलं दिसलं
तर ओढून आणा. भाडं घ्या.

अर्धं पानही झालं नाही.
सवयीनं शेवटी लिहून गेलो: योग्य त्या प्रमाणात.
खोडलं.
हनीफनं विचारलं, काय खोडलंस?
म्हटलं, जुनं काहीतरी.

उधाणाला सगळेच भितात, तो उठता उठता बोलला,
होड्या वर ओढतात, दोर दुहेरी बांधतात.
माझे दोन्ही भाऊ भांगाच्या पाण्यात गेले.
गुडघाभर होतं.

आज भांग आहे. वारा मतलई, नेमका हवा तसा.
एकोणीस होड्या गेल्यात.
कनकदुर्गाच्या पायरीवर वॉकीटॉकी मांडीवर घेऊन बसलोय,
तिच्यातून नुसती खरखर.
लांबवर उजेडाचा एक मोठा तुकडा विझला.
मग दुसरा.
कुणीतरी ओरडलं, किंवा टिटवी असेल.

पहाटे दिवे परत यायला लागले.
मोजले. सतरा.
चष्मा पुसला, आणि दक्षिणेकडून
पुन्हा एकपासून सुरू केलं.